हाफकिन आणि प्लेगची लस

माझगाव हे मुंबईच्या मूळच्या सात बेटांपैकी एक. एके काळी तेथील आंब्यांची मोठी ख्याती होती. पुढे तेथे गोद्या झाल्या, वखारी उठल्या आणि धनिकांचे बंगलेही उभे राहिले. खुश्रू लॉज हा त्यांपैकीच एक बंगला. १८९८ च्या सुमारास या बंगल्यात एक विलक्षण काम चालले होते. आतल्या खोल्यांत काचेची पात्रे ओळीने मांडून ठेवलेली असत. त्या पात्रांत बोकडाच्या मांसाचा निवळ रस भरलेला असे. रसावर तुपाचे थेंब तरंगत असत आणि त्या थेंबांपासून पांढुरके तंतू खाली लोंबत असत. ते तंतू दिसावयास नाजूक असले, तरी प्रत्येकात प्लेगचे कोट्यवधी जंतू एकमेकांना चिकटून वाढत होते.

याच जंतूंनी त्या वेळी मुंबईत हाहाकार उडवला होता. चाळीचाळींतून माणसे तापाने फणफणत, त्यांच्या काखेत किंवा जांघेत गाठ येई आणि अनेकांचा चार-पाच दिवसांतच शेवट होई. असे असूनही सहस्रावधी लोक त्याच जंतूंपासून केलेली लस आपल्या दंडात टोचून घेऊ लागले होते! जो जंतू चाळीत काळ होऊन येत असे, तोच या बंगल्यातून रक्षक होऊन कसा बाहेर पडत असे? हे कोडे ज्यांनी सोडवले, त्या शास्त्रज्ञांचे नाव वाल्डेमार हाफकिन.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा या शहरात एका यहुदी कुटुंबात झाला. ओडेसा त्या काळी रशियाच्या साम्राज्यात होते आणि त्या साम्राज्यात यहुदी लोकांना फार छळ सोसावा लागे. विद्यार्थिदशेतच हाफकिन यांनी आपल्या बांधवांच्या रक्षणासाठी झालेल्या चळवळीत भाग घेतला आणि त्यापायी तुरुंगवासही भोगला. विद्यापीठात इल्या मेचनिकॉव्ह हे थोर प्राणिशास्त्रज्ञ त्यांना गुरू म्हणून लाभले. आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशी शरीरात शिरलेल्या जंतूंना वेढून गिळून टाकतात, हे मेचनिकॉव्ह यांनीच दाखवून दिले. शरीर हे जंतूंपुढे हतबल होऊन पडलेले मातीचे मडके नव्हे. ते लढते, ही गोष्ट हाफकिन यांच्या मनावर येथेच बिंबली.

शिक्षण उत्तम रीतीने पुरे झाले. तथापि आपला धर्म सोडल्याखेरीज हाफकिन यांना प्राध्यापकाची जागा मिळणे शक्य नव्हते. त्यांनी धर्म सोडला नाही, देश सोडला. काही काळ जिनिव्हा येथे राहून ते १८८९ मध्ये पॅरिसला लुई पाश्चर यांच्या संस्थेत आले. तेथे मेचनिकॉव्ह आधीच जाऊन राहिले होते. संशोधकाची जागा रिकामी नव्हती, म्हणून हाफकिन यांनी ग्रंथालयात साहाय्यकाचे काम पत्करले. दिवसा पुस्तके लावावी आणि उरलेला वेळ प्रयोगशाळेत घालवावा, असा त्यांचा क्रम सुरू झाला.

त्या काळी युरोपात पटकीची साथ येऊन पुन्हापुन्हा लोकांना ग्रासत असे. स्वल्पविरामाच्या आकाराचा एक वाकडा जंतू हे पटकीचे कारण आहे, हे तोवर सिद्ध झालेले होते. हाफकिन यांनी या जंतूचा अभ्यास हाती घेतला. उबदार जागी हवेचा झोत देऊन त्यांनी त्याचा एक दुबळा वाण तयार केला. गिनिपिग या लहानशा प्राण्याच्या पोटातून पुन्हापुन्हा नेऊन दुसरा वाण त्यांनी अधिक प्रखर केला. आधी दुबळा वाण टोचावा आणि काही दिवसांनी प्रखर वाण टोचावा, म्हणजे शरीराला पायरीपायरीने लढण्याचा सराव होतो, असे त्यांना प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले. मात्र माणसावर प्रयोग करावयाचा, तर प्रथम कोणावर? १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती लस स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले आणि थोड्या दिवसांत ते पूर्ववत बरे झाले.

जिवंत जंतू अंगात घेऊनही त्यांना पटकी का झाली नाही? याचे उत्तर समजण्याजोगे आहे. पटकीचा जंतू आतड्यात पोहोचला, तरच त्याचे खरे सामर्थ्य प्रकट होते. तेथे तो आतड्याच्या अस्तराला चिकटतो आणि एक विष सोडतो. त्या विषाने शरीरातील पाणी झपाट्याने बाहेर ओढले जाते. त्वचेखाली मात्र त्याला ना तशी जागा मिळते, ना तशी संधी; तेथे पांढऱ्या पेशी त्याला घेरून टाकतात. म्हणजे एकच जंतू एका जागी घातक, तर दुसऱ्या जागी बव्हंशी निरुपद्रवी ठरतो. पुढील काळात शास्त्रज्ञांना याहूनही एक नवलाची गोष्ट आढळली. खाडीच्या आणि समुद्राच्या पाण्यात पटकीच्या जंतूचे असे अनेक भाऊबंद सुखाने नांदत असतात की, ज्यांच्यापाशी ते विष करण्याची विद्याच नसते. ही विद्या त्या कुळातील काही जंतूंना एका विषाणूकडून मिळते, हे १९९६ मध्ये उघड झाले. तेव्हा जंतूचे कुळ पाहून भागत नाही. त्याच्या हाती कोणते शस्त्र आहे, हेही पाहावे लागते.

पटकीचे माहेरघर म्हणून त्या काळी बंगाल प्रांत ओळखला जाई. म्हणून १८९३ मध्ये हाफकिन हिंदुस्थानात आले. दोन-अडीच वर्षांत कलकत्ता, आग्रा आणि आसामातील चहाचे मळे असा प्रवास करीत त्यांनी सुमारे ४२,००० लोकांना पटकीची लस टोचली. लोकांच्या मनात संशय होता, कोठे कोठे विरोधही झाला. परंतु हाफकिन यांनी कधी सक्ती केली नाही. जो आपण होऊन दंड पुढे करील त्यालाच टोचावे, हा नियम त्यांनी पाळला. ज्यांनी लस घेतली आणि ज्यांनी घेतली नाही, त्या दोहोंची नोंदही ते काळजीपूर्वक ठेवीत. त्या लोकांच्या पुढील आरोग्याची तुलना केल्यावाचून लशीचा गुण ठरवता येणार नाही, असा त्यांचा कटाक्ष होता.

इतक्यात मुंबईवर संकट कोसळले. १८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मांडवी भागातील रोग्यांना तपासताना डॉक्टर आकासियो व्हिएगस यांनी हा ताप साधा नसून प्लेग आहे, हे ओळखले. साथ बघता बघता शहरभर पसरली. मृत्यूच्या भयाने लाखो लोक गाठोडी बांधून गावोगाव निघून गेले, गिरण्यांना कामगार मिळेनासे झाले. सरकारी अधिकारी घरात शिरून रोग्यांना उचलून नेऊ लागले, तेव्हा लोकांना रोगाइतकीच रुग्णालयाचीही धास्ती वाटू लागली. पुढे ही साथ पुण्यासही गेली आणि तेथे रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना १० मार्च १८९७ रोजी मरण आले.

ऑक्टोबर १८९६ मध्ये हाफकिन मुंबईस येऊन दाखल झाले. भायखळ्याच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना एक खोली व एक ओसरी मिळाली. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या सामग्रीवर त्यांनी जगातील एका अत्यंत भयंकर रोगाशी झुंज आरंभिली.

प्लेगचा जंतू दोनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँग येथे अलेक्झांडर यर्सिन यांनी शोधून काढला होता. हा जंतू इतका घातक का? आज आपणास ठाऊक आहे की, याचा एक जवळचा नातलग माणसाच्या पोटात गेला, तर सहसा काही दिवसांचे पोटाचे दुखणेच काय ते होते. प्लेगच्या जंतूपाशी दोन-तीन भयंकर शस्त्रे आहेत. उंदरांच्या अंगावरील पिसवांच्या पोटात राहून पिसू चावताच माणसाच्या शरीरात शिरण्याची युक्ती त्याला साधली. शिवाय ज्या पांढऱ्या पेशींनी त्याला गिळावयाचे, त्यांनाच सुईसारख्या सूक्ष्म नळीतून विषारी द्रव्य टोचून तो लुळे करून टाकतो. पहारेकरीच निजले की चोराला घर मोकळे. तसेच येथे घडते.

असल्या जंतूला दुबळे करून जिवंत टोचणे धोक्याचे होते. हाफकिन यांनी निराळा मार्ग काढला. त्यांनी काचपात्रांतील रसात प्लेगचे जंतू विपुल वाढवले. गाईच्या किंवा डुकराच्या मांसाने कोणाच्याही धर्मभावना दुखावू नयेत, म्हणून त्यांनी बोकडाचे मांस वापरले. जंतू तुपाच्या थेंबांना धरून खाली वाढतात, हे पाहून त्यांनी तुपाचाच आधार घेतला. पात्र हलवले की तंतू तुटून तळाशी जात व नवे तंतू वाढू लागत. सुमारे सहा आठवड्यांनी तो रस तासभर सुमारे ७० अंश सेंटिग्रेड इतका तापवून ते सगळे जंतू मारून टाकीत आणि वर थोडे कार्बोलिक ॲसिड घालीत. जंतू मेला की त्याची वाढ खुंटते आणि पेशींना लुळे करण्याची त्याची शक्तीही जाते. परंतु ज्या खुणांवरून शरीर त्याला ओळखते, त्यांपैकी पुष्कळशा त्याच्या मृत देहावर शिल्लक राहतात. त्या खुणा एकदा पाहून ठेवल्या म्हणजे खरा शत्रू येताच शरीर सावध होते.

लस तीन महिन्यांत तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली, आणि तीही नेहमीच्या मात्रेहून कितीतरी अधिक, म्हणजे १० घनसेंटिमीटर. ताप चढला, टोचल्या जागी वेदना झाल्या. पण त्यांनी ते दुखणे निमूटपणे सोसले. त्यांच्यामागून महाविद्यालयातील आणि शहरातील काही प्रतिष्ठित मंडळीही पुढे झाली.

जानेवारी संपता संपता भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील कैद्यांपैकी जे राजी झाले त्यांना लस टोचण्यात आली. बाकीचे तसेच राहिले. जागा एक, अन्न एक, दिनक्रमही एक. भेद काय तो लशीचा. टोचण्याच्या वेळीच ज्यांच्या अंगात रोग मुरला होता, असे थोडे कैदी त्याच दिवशी आजारी पडले, आणि त्यांना लस वाचवू शकली नाही. पुढील दिवसांत मात्र फरक स्पष्ट दिसला. लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला व त्यांतील ६ दगावले. लस घेतलेल्यांपैकी दोघांनाच तो झाला आणि ते दोघेही वाचले. लस रोगाला पूर्णपणे अडवीत नाही, पण रोगाचा आणि मृत्यूचा धोका पुष्कळ कमी करते, हे यावरून दिसून आले. हाफकिन यांनीही याहून अधिक काही सांगितले नाही.

लशीची मागणी वाढू लागली आणि जागा अपुरी पडू लागली. अशा वेळी आगाखान तिसरे, सुलतान महंमद शहा, यांनी साहाय्याचा हात पुढे केला. ते त्या वेळी विशीच्या उंबरठ्यावर होते. त्यांनी आपला माझगावचा खुश्रू लॉज हा बंगला प्रयोगशाळेसाठी दिला. इतकेच नव्हे, तर अनुयायांची भीती जावी म्हणून त्यांच्यासमक्ष स्वतः लस टोचून घेतली. त्यांचे पाहून खोजा समाजातील दहा-बारा हजार लोक लस घेण्यास तयार झाले. पुढे माझगावची जागाही पुरेना, तेव्हा १८९९ मध्ये परळ येथील जुन्या गव्हर्नरच्या वाड्यात प्रयोगशाळा नेण्यात आली.

यश शिखरास पोहोचले असतानाच हाफकिन यांच्यावर घोर आपत्ती आली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या गावी १०७ लोकांना लस टोचण्यात आली. आठवडाभराने त्यांतील १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्वच्या सर्व मरण पावले. त्या सर्वांना एकाच बाटलीतील लस मिळाली होती; त्या बाटलीचा क्रमांक होता ५३ एन. ज्या लशीवर विश्वास ठेवून त्या गरीब शेतकऱ्यांनी दंड पुढे केला, तिच्यातून मृत्यू यावा, याहून दारुण ते काय?

धनुर्वाताचा जंतू हा मातीतला रहिवासी आहे. शेतात, रस्त्यावर, गुराढोरांच्या शेणात तो असतोच. अनवाणी चालणाऱ्याच्या पायांना तो नित्य लागतो, अन्नातून पोटातही जातो. तरी सहसा बाधा होत नाही. याचे कारण असे की, मोकळ्या हवेत तो वाढूच शकत नाही. कठीण कवच पांघरून तो वर्षानुवर्षे निपचित पडून राहतो. परंतु खोल जखमेत किंवा बंद बाटलीत, जेथे हवा पोहोचत नाही, तेथे तो जागा होतो आणि एक अत्यंत जालीम विष तयार करतो. मग त्या विषाचा अल्पसा अंशही प्राण घेण्यास पुरे होतो. तेव्हा मुल्कोवालच्या प्रकरणातील खरा प्रश्न हा होता की, मातीतला हा जंतू बाटलीत शिरला केव्हा आणि कोठे? मुंबईस लस भरताना, की मुल्कोवालला बूच काढताना?

सरकारने चौकशी मंडळ नेमले. लशीचे उत्पादन वाढावे म्हणून हाफकिन यांनी कृतीत बदल केला होता आणि नव्या कृतीत कार्बोलिक ॲसिड घातले जात नसे. मंडळाने यावर बोट ठेवून दोष प्रयोगशाळेवर ठेवला. हाफकिन यांना प्रमुखपदावरून दूर करण्यात आले. ते इंग्लंडला गेले.

मात्र चौकशीत पुढे आलेली एक गोष्ट दुर्लक्षिली गेली होती. मुल्कोवालला ती बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करता, नुसता औषधी पाण्यात बुडवून, त्यानेच बूच काढण्यात आले होते. शिवाय बाटली मुंबईस भरून बरेच दिवस लोटले होते. जंतू तेव्हाच आत शिरला असता, तर इतक्या अवधीत बाटलीत पुष्कळ विष साठले असते, तिला दुर्गंधी सुटली असती आणि रोगाची लक्षणेही अधिक लवकर दिसली असती. तसे काही घडले नव्हते. तज्ज्ञांनी हे सर्व ताडून पाहिले. मलेरियाचा प्रसार डासांमुळे होतो हे सिद्ध करणारे सर रोनाल्ड रॉस हाफकिन यांची बाजू घेऊन पुढे आले. जुलै १९०७ मध्ये त्यांच्यासह दहा नामांकित शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्स या वृत्तपत्रात पत्र लिहून हाफकिन यांच्यावरील दोषारोप निराधार असल्याचे जाहीर केले. अखेर सरकारला आपला निर्णय फिरवावा लागला. पाच वर्षांनी हाफकिन निष्कलंक ठरले.

ते पुन्हा हिंदुस्थानात आले. परंतु परळची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. कलकत्त्यास काही वर्षे काम करून ते निवृत्त झाले आणि युरोपास परतले. त्यांनी विवाह केला नव्हता. अखेरच्या काळात त्यांनी आपली सारी पुंजी यहुदी विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी दान केली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान या गावी त्यांचे देहावसान झाले.

त्याआधीच, १९२५ मध्ये, परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन संस्था असे नाव देण्यात आले होते. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईहून प्लेगच्या लशीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या. भारत स्वतंत्र झाल्यावर १९६४ मध्ये डाक खात्याने हाफकिन यांचे चित्र असलेले तिकीट काढून त्यांचा गौरव केला. पुढे याहून गुणकारी औषधे निघाली आणि प्लेगची पूर्वीची दहशत ओसरली.

जंतू कोणाशी वैर धरीत नाही आणि कोणावर कृपाही करीत नाही. दुधाचे दही करणारा, आतड्यात राहून अन्नपचनास हातभार लावणारा आणि प्राण हरण करणारा, हे सर्व जंतूच होत. तो कोठे पोहोचला, त्याच्यापाशी कोणते शस्त्र आहे आणि त्याला तोंड देणारे शरीर किती सज्ज आहे, यांवर त्याचे बरेवाईट ठरते. माझगावच्या बंगल्यातील काचपात्रांनी या ज्ञानाचे सामर्थ्य दाखवले. मुल्कोवालच्या मातीत पडलेल्या एका चिमट्याने त्यातील क्षणभराच्या हयगयीची किंमत दाखवली. ती किंमत हाफकिन यांनी पाच वर्षांच्या अपकीर्तीने भरली. त्या १९ जणांनी मात्र प्राणांनी भरली.